शेवटचा माणूस आत आला

४ ऑक्टोबर, सिलाथाच

पोचले एकदाची! आईनं पोळ्यांना इतकं तूप माखून दिलं होतं की ते पिशवीतून पाझरलं आणि नव्याकोऱ्या पिवळ्या जाकिटाच्या खिशावर हा एवढा डाग पडला. रडूच आलं. पण चढ असा की रडायलाही श्वास उरेना, म्हणून राहून गेलं.

उत्तरकाशीच्या सरांनी गिर्यारोहणाचा कोर्स संपताना बजावलं होतं की डोंगरात काम करणाऱ्यानं रोज चार ओळी तरी लिहाव्यात. म्हणून ही वही. आजपासून मी, सतेश्वरी पंवार, सिलाथाच कॅम्पची नोकरदार बाई. आमच्या खोऱ्यातली पहिली मुलगी वाटाडी! हे मी नाही म्हणत, गावातल्या बायकाच म्हणतात, फक्त नाक मुरडून म्हणतात. काल दुकानाशी सरला काकी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली की आता पोरी डोंगर दाखवणार, मग पुरुष काय गवत कापणार? मी म्हटलं, कापू देत की काकी, कंबर मोडते म्हणजे काय ते कळेल तरी! सगळ्या हसल्या. तीही हसली, पण तिचं हसणं काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

कॅम्प म्हणजे उतरत्या कुरणावर सहा तंबू, एक स्वयंपाकाचा मोठा तंबू, खालच्या अंगाला ओढा आणि डोक्यावर ढुंगाखाल नावाची खिंड. स्वयंपाक बचनसिंह बोडांकडे. ते बाबांचे थोरले चुलतभाऊ, म्हणून बोडा, आणि माझी ही नोकरी त्यांच्याच शब्दावर. पोरीची जबाबदारी माझी, असं त्यांनी मालकांना छातीवर हात ठेवून सांगितलंय. मुख्य वाटाड्या जयवीर भैजी. तो फारसा बोलत नाही, आणि बोलला की टोचतो. मला पाहून म्हणाला, जाकीट झकास आहे, हरवलीस तर लवकर सापडशील.

माझं काम सगळ्यांच्या मागून चालायचं. शेवटचा पाहुणा माझ्या पुढे, माझ्यामागे कोणी नाही. भैजी याला शेपूट म्हणतो. म्हणू दे. शेपटीशिवाय माशा कोण हाकणार?

५ ऑक्टोबर

आज बोडांनी मला संध्याकाळचं सांगणं शिकवलं. पाहुणे चालून परत आले, शेवटचा माणूस आत आला, की शेपटानं कॅम्पच्या कडेला खिंडीकडे तोंड करून उभं राहायचं. मुठीत भाजलेले तांदूळ घ्यायचे आणि खिंडीतल्या आईला मोठ्यानं सांगायचं: "आई, आमचं आमच्यात आलं. बाहेर उरलं ते तुझं." मग तांदूळ उधळायचे. त्यानंतरच चूल पेटते, पाहुणे चहावाचून तडफडत असले तरी. इथे भैजीचं मोठेपणही चालत नाही. जो शेवटी चालतो त्यानंच बोलायचं, कारण बाहेर कोण राहिलं ते फक्त त्यालाच ठाऊक.

मला हसू आलं. मी विचारलं, आईला काय उरणार, कुणाचा तरी हातमोजा? बोडांनी डाव डोक्यात हाणला, हलकेच, आणि म्हणाले, दात काय काढतेस? तो दिलेला शब्द असतो, गंमत नाही. मग मी शहाण्यासारखं विचारलं की कोणी खरंच बाहेर राहिलं असेल तर? तर मूठ उघडायची नाही, ते म्हणाले. चूल पेटत नाही आणि सगळे मिळून वर शोधायला जातात. त्यात अवघड असं काही नाही, फक्त खरं बोलायचं असतं.

दुपारी पाहुणे आले. कृष्णनगरचे बंगाली, एका कचेरीतली सहा तरुण मुलं आणि त्यांचे निवृत्त साहेब मृगांकबाबू. बाबूंची शोभा काय वर्णावी! माकडटोपी, वर मफलर, आणि काखेत मुरमुऱ्यांचा डबा. बोलणं तर थांबतच नाही. मला "मा" म्हणतात. त्यांच्याकडे मुलीला लाडानं असंच म्हणतात म्हणे. ढुंगाखाल म्हणता येत नाही, ढूंगाखोल म्हणतात आणि स्वतःच हसतात.

६ ऑक्टोबर

सरावाची लहान चाल. बाबू प्रत्येक झुडपापाशी वाकतात आणि नाव विचारतात. याला काय म्हणतात, मा? आणि त्याला? अर्ध्या गवतांना मलाच नावं ठाऊक नाहीत, मी ठोकून देते. ते ती नावं मनापासून घोकतात. वाईट वाटलं थोडं.

मुलं बाबूंना दादू म्हणतात आणि कुरकुरतात की दादूंना घरीच ठेवायला हवं होतं. बाबू ऐकतात आणि ऐकलं नाही असं दाखवतात. मला मोहरीचं तेल लावलेले मुरमुरे दिले आणि म्हणाले, इतकं वय झालं पण बर्फ कधी हातात घेतलेला नाही. उद्या खिंडीत, सावलीत राहिलेला जुना बर्फ दिसेल ना? मी म्हटलं, दिसेल काय, खायला घालीन तुम्हाला. लहान मुलासारखे खूश झाले.

७ ऑक्टोबर

खिंडीत जाऊन आलो. परतताना धुकं. थोडा उशीर झाला, पण सगळे आत आले. दमले आहे. बाकीचं उद्या लिहीन.

८ ऑक्टोबर, सकाळ

काल खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीशी खोटं! आता जीव जाग्यावर आलाय, तर खरं लिहिते.

बाबूंना खिंडीच्या सावलीतल्या अंगाला बर्फ सापडला. ते गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी तो तोंडात कोंबत होते आणि हसत होते. बाकीचे केव्हाच खाली गेलेले. तिथेच वर एक मोठा खडक आहे. त्याच्या माथ्यावर उभं राहिलं की फोनला एक दांडी येते. मी बाबूंना म्हटलं, इथेच बसा, आलेच मी. आणि वर चढले. कशासाठी? आईला फोन करायला असं लिहिणार होते, पण तेही खोटं. पिवळ्या जाकिटात, मागे खिंड घेऊन, व्हिडिओ काढला. गावच्या ग्रुपवर टाकायला. सरला काकीला जळवायला. डाग दिसत होता म्हणून पुन्हा काढला. मग केस उडले म्हणून पुन्हा.

उतरले तेव्हा धुकं आलं होतं आणि बाबू नव्हते. बर्फावर त्यांच्या बोटांचे ओरखडे होते तेवढे. हाका मारल्या. उत्तर नाही. मी मनाशी म्हटलं, वाट एकच आहे, पुढे गेले असतील. खरं म्हणजे शोधायला भीती वाटली. पळत खाली आले.

कॅम्पवर सगळे थंडीनं कुडकुडत चुलीभोवती बसलेले, आणि चूल थंड. भैजी म्हणाला, शेपूट आलं म्हणजे जनावर पुरं झालं समजायचं ना? तंबूंच्या पलीकडे धुक्यात कोणीतरी माकडटोपी घालून पाठमोरं बसलं होतं. मला ते बाबू हवे होते. मी म्हटलं, हो, बाबू कधीच पुढे आले. तांदूळ घेतले आणि सांगणं म्हटलं. आवाज जरासुद्धा कापला नाही.

मग चहा घेऊन त्या टोपीकडे गेले. तो त्या मुलांपैकी एक होता. बाबूंचा तंबू रिकामा.

तेव्हा ओरडायला हवं होतं. एक हाक मारली असती तर सगळे उठून वर धावले असते. पण बोडा चुलीपाशी गाणं गुणगुणत होते आणि मध्येच माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली, शाब्बास पोरी, अशी. मी चहा गवतात ओतला आणि परत येऊन सांगितलं की बाबूंचं डोकं दुखतंय, झोपलेत, उठवू नका. ठरवलं होतं की उजाडायच्या आत गुपचूप वर जाऊन त्यांना घेऊन येईन. पण झोप लागली. कशी लागली मला, कशी?

जाग आली तर बाहेर लख्ख उजेड आणि सगळीकडे ताजा बर्फ. चपलाही न घालता बाहेर धावले, तर बाबू चुलीशी बसून नाश्ता करताहेत! जीव भांड्यात पडला. त्यांच्या पायांवर लोटांगणच घालणार होते. धुक्यातून वाट काढत आले असणार बिचारे, आणि माझी चहाडीसुद्धा केली नाही कोणाकडे. देवमाणूस!

भैजी म्हणाला, बर्फामुळे आज-उद्या कोणी कॅम्प सोडायचा नाही, परवा सकाळी ओढा ओलांडून सगळे खाली. बरंच झालं. आता कानाला खडा.

बाबूंच्या टोपीवर बर्फ साचलाय आणि चुलीशी बसूनही तो वितळत नाही. सांगायला हवं त्यांना, सर्दी होईल.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ

बाबूंनी आज एकाही गोष्टीचं नाव विचारलं नाही. मीच उगाच ओढ्याकाठचं एक झुडूप दाखवलं. त्यांनी त्याचं नाव सांगितलं. आमच्या भाषेतलं, माझी आजी म्हणायची ते. मलाही विसरायला झालं होतं.

बोडांशी ते आमच्याच बोलीत बोलतात, हेल सुद्धा आमचाच. मुलं टाळ्या पिटतात, म्हणतात दादू पहाडी झाले! मुरमुऱ्यांचा डबा पुढे केला तर त्याकडे दगडाकडे बघावं तसं बघितलं. ताटात पडेल ते खातात, मीठ कमी असो की जास्त. कुरकुर नाही, प्रश्न नाहीत, सारखं खिंडीकडे तोंड करून बसतात आणि हसतात. मुलं खूश आहेत. दादू सुधारले म्हणतात. सगळ्यांना हेच जास्त आवडलेत.

पाण्याला ओढ्यावर गेले होते. वरून, खिंडीच्या अंगानं, बारीकसं ऐकू आलं. मा... ओ मा...

वारा असेल, असं म्हणून वळले तर हे माझ्या मागे उभे. इतके जवळ, आणि बर्फात चालल्याचा आवाज नाही. हसून आमच्या बोलीत म्हणाले, "मला आत तूच घेतलंस ना, पोरी."

हे बाबू नाहीत. बाबू वर आहेत. जिवंत आहेत.

९ ऑक्टोबर, सकाळ

पुन्हा हाक आली. सगळे चहा पीत होते, कोणालाच ऐकू गेली नाही. तो मात्र माझ्याकडे बघून हसला.

कणीक मळताना बोडांनी हळूच विचारलं, सतू, परवा बाबू तुझ्या डोळ्यांदेखत आत आले होते ना? मी म्हटलं, असं का विचारता? ते म्हणाले, या बाबूंची ताटं मी विसळतो. खरकट्यावर बर्फ धरलेला असतो. मग म्हणाले, सांगणं खोटं पडलं तर खिंडीतली आई ते माणूस ठेवून घेते, आणि जागा रिकामी ठेवत नाही, भरून देते. मोडायचा उपाय एकच. ज्यानं खोटं सांगितलं त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून तोंडानं कबूल करायचं, मंडळी ओढा ओलांडण्याआधी. मग भरून दिलेलं परत जातं आणि आपलं माणूस सुटतं. ओढा ओलांडला की संपलं. आणि चोरून एकट्यानं आणायला जाऊ नये, जाणाराही तिचाच होतो.

ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. मला वाट करून देत होते, कळत होतं मला.

मी म्हटलं, हो बोडा, माझ्या डोळ्यांदेखत आले.

म्हातारा कणकेवर पाणी मारून मळत राहिला.

९ ऑक्टोबर, दुपार

जेवायला सगळे एकत्र बसले होते. ठरवलं, आता बोलायचंच. उठून उभी राहिले. सगळ्यांनी माना वर केल्या. भैजीनं घास थांबवला. बोडांच्या हातातला डाव तसाच राहिला. तोही बघत होता, हसत.

माझ्या तोंडून निघालं, "भाजी हवीय का अजून कुणाला?"

एकानं ताट पुढे केलं. मी वाढली.

सरला काकीचं तोंड दिसत होतं मला. बोडांची मान खाली जाईल, उद्या कोणी आपल्या पोरीला कोर्सला पाठवणार नाही, हेच सगळं डोक्यात. एका माणसाच्या जिवापुढे हे! लिहितानाही स्वतःची किळस येते. तरी तोंड उघडत नाही. आणि उघडलं की भाजी.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ

हाक बारीक झालीय. आज एकदाच आली. मा नाही, नुसताच आवाज.

त्यांना मी दिलेली खोटी नावं पाठ होती. वर बसून तीच म्हणत असतील. मी

उद्या सकाळी मंडळी निघणार. मला सांगणं जमणार नाही. आणणं जमेल. दोन बाबू समोरासमोर उभे केले की मला बोलावंच लागणार नाही. आपोआप कळेल सगळ्यांना.

चोरून जाऊ नये म्हणाले बोडा. पण मग कशी जाऊ? सगळ्यांदेखत? तेच तर

१० ऑक्टोबर

उजाडताच निघाले. कोणाला नाही सांगितलं. आत्ता खिंडीत आहे. बोटं आखडलीत, हलती राहावीत म्हणून लिहितेय.

बाबू सापडले. जिवंत आहेत. त्याच खडकाच्या पोटात, जिथे वर मी — तिथेच खाली. हाकेच्या अंतरावर होते, घसरून पडून शुद्ध गेली होती म्हणून ओ आली नाही. त्या दिवशी नीट शोधलं असतं तर —

पाय काळे पडलेत. उभं राहता येत नाही. बर्फ चाटून राहिले म्हणाले. मला बघून रडले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, पोरगी माणसं आणायला गेलीय, येईलच, असं मी रोज या डोंगराला सांगत होतो. किती माणसं आणलीस, मा?

किती माणसं.

मी म्हटलं, येताहेत. मागून येताहेत.

आत्ताही खोटंच बोलले.

—

पाठुंगळीला घेतलं. दहा पावलं नाही गेले, दोघं पडलो. एकटीला नाही जमत. चार माणसं हवीत. फोन थंडीनं मेला.

इथून कॅम्प दिसतो. तंबू उतरवलेत. निघाले. भैजी पुढे, मग मुलं, मग बोडा पातेली घेऊन, मग तो, माकडटोपी. मला कोणी शोधत कसं नाही? कोणी हाकही —

त्याच्या मागे पिवळं जाकीट.

शेवटच्या पाहुण्याच्या मागे. माझ्या जागी. चालही माझीच. काहीतरी बोलतेय आणि मुलं हसताहेत. भैजी सुद्धा हसतोय. माझ्या बोलण्यावर कधी हसला नाही तो.

माझी वाट कोणी बघत नाही. जागा भरलीय.

भैजी ओढ्यात उतरला.

—

ओरडले. सगळं ओरडले. मी सोडून आले त्यांना, व्हिडिओ काढत होते, खोटं सांगितलं, बोडांच्या तोंडावर खोटं बोलले, ती मी नाही, मी इथे आहे, बाबू इथे आहेत, जिवंत आहेत — एवढ्या मोठ्यानं आयुष्यात ओरडले नव्हते. खाली गावात सरला काकीला ऐकू जाऊ दे. सगळ्या खोऱ्याला जाऊ दे. आता लाज नाही. काही नाही.

कोणी वळलं नाही. मुलं पाण्यात उतरली.

बोडा थांबले.

थांबले! काठावर. वर बघताहेत. माझ्याकडेच. डोळ्यांवर हात धरून —

जाकिटानं त्यांच्या कोपराला हात लावला. कानाशी काहीतरी बोलली. बोडा हसले. तिच्या डोक्यावर टपली मारली, मला मारतात तशी.

एक पाय पाण्यात. दुसरा अजून अलीकडे आहे, अजून अलीकडे — बाबू विचारताहेत कोणाशी बोलतेस मा — पुन्हा ओरडते, पुन्हा पहिल्यापासून सांगते, बोडा, मी सतेश्वरी, मी त्यांना —